कापूस उगवत नाही तिथून

सोमवार, सकाळ

दादा,

रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेठचा आवाज येत नव्हता म्हणून.

तुला माहितीय, घरी मी पोरीच्या छातीची शिट्टी ऐकत झोपायचे. शिट्टी चालू म्हणजे पोरगी चालू. शिट्टी वाढली की उठायचं, पंप द्यायचा, पाठीला उशा लावून बसवायचं. काल रात्री शिट्टीच नाही. मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. श्वास लागत होता बोटाला, तरी विश्वास बसेना. शेवटी ती जागी झाली आणि म्हणाली, "आई, बोट काढ, गुदगुल्या होतात." आणि कूस बदलून झोपली. सपाट झोपली, दादा. तिला आडवं होऊन झोपलेलं आपण कधी बघितलंय? मला घाबरायची इतकी सवय झालीय की चांगलं झालं तरी घाबरूनच बघते.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून पत्र. जोडाक्षरं चुकली तर हसू नकोस. तू मला शाळेच्या पुढच्या दाराने सोडायचास आणि मी मागच्या दाराने घरी यायचे, त्याचं फळ आहे हे.

त्या दिवशी गादी भरता भरता तू म्हणालास, "जा मग, कापूस उगवत नाही अशा ठिकाणी जा." आले बघ. इथे कापूसच काय, गवतसुद्धा विचार करून उगवतं. बस वर चढत होती तशी झाडं आधी बुटकी झाली, मग संपलीच. मग नुसता दगड आणि ऊन. हवा इतकी कोरडी की धुतलेला फ्रॉक दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. दवाखाना लांबलचक आहे, प्रत्येक खोलीला पुढे गॅलरी. दुपारी सगळ्यांचे पलंग चाकांवरून गॅलरीत ओढतात आणि तासभर नुसतं पडून राहायचं. ना गोळी ना सुई. शेठ म्हणते, "आई, हे डॉक्टर आळशी आहेत का?"

दारात एक बाई असतात, सगळ्यांच्या पिशव्या उपसतात. मी त्यांचं नाव चाळणीबाई ठेवलंय, त्यांच्यातून काही खाली पडत नाही. घरचं पांघरूण नाही, उशी नाही, लोकरीची टोपी नाही. सगळं उकळत्या पाण्यात नाहीतर फ्रीजरमध्ये. तू चिंध्यांचा करून दिलेला ससा, तोसुद्धा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकला. शेठने केवढा गोंधळ घातला. मग चाळणीबाईंना म्हणाली, "निदान त्याला स्वेटर तरी घाला." त्या बाईंच्या तोंडावरची माशी हलली नाही, पण त्यांनी खरंच पिशवीवर एक फडकं गुंडाळलं. दोन दिवसांनी ससा बाहेर आला, मग धुतला, मग वाळवला. आता तिच्याजवळ आहे, जरा कडक झालाय.

इथे एक नळी असते. तिच्यात फुंकायचं, की काटा वर सरकतो. हिरव्यात गेला तर बरं, पिवळ्यात गेला तर जपून, लाल म्हणजे पळा. आपण आयुष्य लालमध्येच काढलं. काल ती पिवळ्याच्या वरच्या टोकाला होती.

एवढं कळवावंसं वाटलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी बहीण

शुक्रवार (तारीख भिंतीवर आहे, उठायचा कंटाळा आलाय)

दादा,

पार्सल मिळालं.

पत्र नाही, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याच्या जागी नुसता दुकानाचा शिक्का. पण उशी हातात घेतली आणि मी शिवणच आधी चाचपली. शेवटचा टाका उलटा घालून दोरा आत ओढून घ्यायचा, हे आई करायची आणि आता तू करतोस, तिसरं कुणी नाही. मी तिथेच पायरीवर बसले. पोस्टमन म्हणाला, "बाई, वाईट बातमी आहे का?" म्हटलं, "नाही हो, माझा भाऊ बोलला माझ्याशी."

चाळणीबाई जेवायला गेल्या होत्या, त्यामुळे पार्सल थेट माझ्या हातात आलं. दाखवायला हवं होतं, पण उशी तर नवी आहे. खोळ नवी, शिवण नवी, घरचं जुनं काही नाही. फ्रीजरमध्ये टाकून तिचा पार दगड झाला असता. मी ती आपली साधी इथल्या उशीवर ठेवली आणि वरून माझी ओढणी टाकली.

शेठने डोकं टेकवलं आणि म्हणाली, "मामाची आहे." मी काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "कशावरून?" तर म्हणाली, "दुकानासारखं वाटतंय." ती तुझ्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना "या, बसा, कुठली गादी दाखवू" म्हणायची, म्हणून तू तिला शेठ म्हणायला लागलास. इथे पण तेच चाललंय. शेजारच्या खोलीतल्या आजोबांना विचारलं, "तुमची गादी कितीची?"

हे आजोबा पाववाले आहेत. जन्मभर भट्टी चालवली आणि पिठाच्या धुळीनेच छाती धरली. हातावर भाजल्याचे डाग आहेत आणि बोलताना मध्येच थांबून श्वास घेतात, मग जिथे वाक्य सोडलं तिथूनच पुढे बोलतात. मी त्यांना म्हटलं, "पिठाचा राग नाही आला तुम्हाला?" ते म्हणाले, "पिठाला काय माहीत, बाई, मी नाकाने घेतोय ते." 

इथे रस्त्याच्या कडेने वर तीन बाकं आहेत. पहिलं जवळ, दुसरं वळणावर, तिसरं पार वर, पाण्याच्या टाकीपाशी. पोरांनी रोज जमेल तेवढं चढायचं. शेठ पहिल्यावर पोहोचली आणि तिथे बसून दुसऱ्याकडे बघत होती, मिठाईकडे बघतात तसं.

उशीबद्दल किती लिहू. बरं वाटलं.

तुझी बहीण

मंगळवार

दादा,

घाबरवत नाही तुला. नुसतं सांगते.

काटा खाली आलाय. आधी वाटलं थकली असेल. मग दोन दिवस पिवळ्याच्या मध्ये, आता लालच्या जवळ. शिट्टी परत आली. मला लाज वाटते सांगायला, पण शिट्टी ऐकू आली त्या रात्री मला झोप लागली. शरीर कसलं मेलं.

पहिलं बाकही बंद झालं. गॅलरीत पडून असते. ओठ पुन्हा तसे दिसायला लागलेत, तुला माहितीय कसे. ती तांबडी गोळी, जिच्याने तोंड सुजतं, ती कमी करणार होते, उलट वाढवली.

उंच डॉक्टर आले. ते इतके उंच आहेत की पोरांशी बोलताना घडी घालून बसतात. मला बाहेर नेलं. म्हणाले, "कधी कधी डोंगराची हवा मानवत नाही. आठवडाभर बघू. नाहीतर खाली मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

मी म्हटलं, "आणि तिथून?"

ते म्हणाले, "घरी."

मी म्हटलं, "कुठल्या?"

त्यांना वाटलं मी उर्मटपणा करतेय. मी खरंच विचारत होते. तिला कापसाजवळ, आपल्या खोलीत ठेवू नका असं खालच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यावरूनच तर आपलं वाजलं. दुसरं घर मला आहे का? तिचा बाप जहाजावर गेला तो गेलाच. मला दुकानावरच्या खोलीशिवाय काही माहीत नाही.

मग मी सगळं करून बघितलं. खिडकीची फट कागदाने बुजवली. दूध बंद केलं. माझं डोकं साबणाने धुतलं. शेजारच्या खोलीतली एक पोर शिंकत होती, तिच्याशी खेळू दिलं नाही, तर तिची आई माझ्याशी बोलेनाशी झाली. पाववाले आजोबा म्हणाले, "नवीन काय आलं ते बघ. माझ्या भट्टीत पाव फसला की मी आधी तेच बघायचो, आज नवीन काय घातलं." मी म्हटलं, "काही नाही आजोबा. तेच खाणं, तीच खोली, तेच कपडे."

ती रात्री तुझ्या उशीला मिठी मारून झोपते, नाक आत खुपसून. तेवढाच तिला आधार. मला पण.

तुझा देवावर भरवसा नाही, माहितीय. पिंजायचं यंत्र सुरू करताना तू जे पुटपुटतोस ते तरी एकदा तिच्यासाठी पुटपुट.

तुझी बहीण

शनिवार

दादा,

हे पत्र तू बसून वाच. यंत्र बंद कर आधी.

शेठ बरी आहे. हे पहिल्यांदा लिहिलं. हिरव्यात नाही, पण वर चाललीय. खाली पाठवत नाहीत. आता पुढचं वाच.

चादरी बदलणारा मुलगा आजारी होता, म्हणून चाळणीबाई स्वतः आल्या. ओढणी उचलली, उशी दाबली आणि म्हणाल्या, "ही आमची नाही." मी उशीचं दुसरं टोक धरलं. म्हटलं, नवी आहे, माझ्या भावाने केलीय, त्याचं दुकान आहे, तो चांगलाच माल वापरतो.  पिशवीत घालून घेऊन गेल्या. शेठ इतकी रडली की तिला पंप द्यावा लागला. रात्री ती सशाला घेऊन झोपली आणि सकाळी शिट्टी अर्ध्यावर आली होती. दुसऱ्या सकाळी आणखी कमी. मग मला कळलं. तरी मी स्वतःशी म्हणत होते, योगायोग असेल.

उंच डॉक्टर म्हणाले, उघडून बघू. मी म्हटलं, टाका मीच उसवणार, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. अंगणात, शेठपासून लांब, तोंडाला फडकं बांधून बसले. पाववाले आजोबा लांबून बघत होते. दोरा उलट्या बाजूने ओढला आणि शिवण उघडली.

दादा, कापूस पिवळा होता. मध्ये मध्ये सरकी होती. असा कापूस तू दुकानात ठेवत नाहीस, तू गिऱ्हाइकाला परत पाठवशील पण सरकीचा कापूस घेणार नाहीस. एकच उशी होती आपल्याकडे सरकीची.

आई गेल्यावर तू ती माळ्यावर ठेवलीस आणि मला हातही लावू दिला नाहीस. मी एकदा मागितली तर अंगावर आलास. ती तू उघडलीस. तो कापूस पुन्हा पिंजलास, एकट्याने, मला माहितीय तू शटर लावून पिंजला असशील. आणि आईच्या उशीतल्या कापसाची उशी करून तिच्यासाठी पाठवलीस, आणि चिठ्ठीसुद्धा घातली नाहीस.

मी तिथेच बसून राहिले, फडक्याच्या आत नाक वाहत होतं. डॉक्टरांना वाटलं धूळ गेली.

मी तुला हे कळवणार नव्हते. म्हटलं, उशी छान आहे, शेठ झोपते तिच्यावर, असंच लिहीन जन्मभर. पाववाले आजोबा म्हणाले, "नाही सांगितलंस तर तो आणखी एक पाठवेल." ते खरं आहे. तू तसलाच आहेस.

आता डॉक्टरांनी मला काय समजावलं ते नीट लिहिते, मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. एक किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. माणूस जिथे वर्षानुवर्षं झोपतो, त्या गादीत, त्या उशीत तो राहतो. आपल्या अंगाचा कोंडा खातो. त्याची घाण शेठच्या छातीला चालत नाही. त्याला ओल लागते, इथली हवा कोरडी म्हणून तो इथे जगत नाही, एवढीच या डोंगराची जादू. मी विचारलं, "पण त्याने तर पिंजून घेतलंय." ते म्हणाले, "पिंजल्याने किडा मरत नाही, घाण जात नाही. ती उडते."

मग मी विचारलं, "आणि नवा कापूस? कोरा?"

ते म्हणाले, "नव्याची धूळही छातीला चांगली नाही. पण तुमच्या मुलीला मारतोय तो कापूस नाही. जुनं अंथरूण."

ऐकतोयस ना? लोक आपल्याकडे बापजाद्यांच्या गाद्या घेऊन येतात, उसवा, पिंजा, भरून द्या. तू त्या खाली उसवतोस, आणि जिन्यातून सगळं वर येतं, आमच्या खोलीत. तुझा कापूस नाही, लोकांची झोप येते वर. खालच्या डॉक्टरांनी नुसतं "कापूस" म्हटलं, मी तेच तुझ्या तोंडावर फेकलं, आणि तुला ते आईला शिवी दिल्यासारखं लागलं. आपण दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडलो.

आईची उशी टाकलेली नाही. चाळणीबाईंनी ती बांधून फ्रीजरमध्ये ठेवलीय. मला म्हणाल्या, "आईची आहे म्हणालात ना, मग वरच्या खणात ठेवते, खाली मासे असतात." त्या बाई वाटतात तशा नाहीत.

हाय खाऊ नकोस. तुझी चूक असेल तर माझीही आहे, मी ती दाखवली नाही. पण मला विचारशील तर चूक कुणाचीच नाही.

तुझी बहीण

बुधवार, दुपार, गॅलरीत

दादा,

तिसरं बाक.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते. पण तुला सगळं सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी पहिल्या बाकावर बसली नाही. दुसऱ्यावर बसली, पंप घेतला, नाक पुसलं. मी म्हटलं, बास, परत फिरू. ती म्हणाली, "तू बस, तू दमलीस." आणि चालायला लागली. खरंच मी दमले होते, माझ्या पायात गोळे आले होते. पाववाले आजोबा आणि मी मागून, ते थांबत, मी थांबत, आणि ती पुढे सशाचा कान धरून. टाकीपाशी पोहोचली आणि बाकावर उभी राहून ओरडली, "या, बसा, कुठली गादी दाखवू."

ओरडली, दादा. तिला ओरडायला हवा पुरली. आजोबा हसायला लागले, मग खोकायला लागले, मग मी त्यांना धरलं, आणि ते खोकता खोकता हसतच होते.

काटा हिरव्यात आहे. तांबडी गोळी अर्धी केलीय, आणखी कमी करणार. गालाची सूज उतरली तर तिला हनुवटी आहे असं दिसतंय. आईसारखी आहे.

आता कामाचं. महिन्याभरात सोडतील म्हणतात. पण घरचं एक मोठं माणूस आधी इथे येऊन राहिलं पाहिजे, दोन-तीन दिवस. गाद्यांना कुठली खोळ, काय उकळायचं, काय फेकायचं, दम लागला तर आधी काय, सगळं हाताने करून घेतात. ते झाल्याशिवाय मूल घरी देत नाहीत. कोण येणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिचा मामा. डॉक्टर म्हणाले, "काय करतात?" म्हटलं, "गाद्या." ते घडी घातलेल्या पायांवरून उठले आणि म्हणाले, "मग त्यांना तर आणाच."

त्यांनी तुझ्या छातीचंही विचारलं. मी सांगितलं, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामाला बसलास की छाती आवळते म्हणतोस आणि तिसऱ्या दिवशी विसरतोस. त्यांनी ते लिहून घेतलं. तू म्हणशील, मला काय धाड भरलीय. पण तपासून घे. इथवर येशीलच.

दुकान बंद करायला कुणी सांगत नाहीये. जुन्या गाद्या घेणं थांबव, नाहीतर ते काम दुसरीकडे ने, आणि वरची खोली धुऊन काढ. नव्या गाद्या शिव की. पाववाले आजोबा आता घरी असले की पीठ मळत नाहीत, नुसते गल्ल्यावर बसतात आणि मुलाच्या पावाला नावं ठेवतात. म्हणतात, मजेत आहे.

ये. तुला पत्र लिहायला जमत नाही, तर नुसता ये.

तुझी बहीण

रविवार

समोरच्या शिलाईच्या दुकानात हे पाकीट जे कोणी उघडतील त्यांना,

टेलरकाकू, तुम्ही असाल तर बरंच. काका असतील, काजं-बटणं करणारी ताई असेल, तरी चालेल. मी तुमच्या समोरच्या गादीवाल्याची बहीण. पोरीला घेऊन डोंगरावरच्या दवाखान्यात आलेली. तुम्ही तिला कापडाच्या चिंध्या द्यायचात, त्यांचाच दादाने तिला ससा करून दिला.

मी दादाला लिहिलेलं शेवटचं पत्र परत आलं. पोस्टमनने वर लिहिलंय, दुकान बंद. ते पण यातच घातलंय. तुम्ही वाचलंत तरी चालेल, त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळी चांगलीच बातमी आहे.

पण त्याच्या आधीचं पत्र परत आलेलं नाही, म्हणजे ते त्याला मिळालं. त्यात मी एका उशीबद्दल लिहिलं होतं. त्याने जीव ओतून केलेली उशी, आणि तिच्यामुळे पोरीला त्रास झाला. हाय खाऊ नकोस असं लिहिलं होतं मी. तसं लिहिल्याने कुणी हाय खायचं थांबतं का? तो आत ओढून घेणारा माणूस आहे. दोराही आत ओढतो आणि बाकी सगळंही.

इथल्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गावाकडे पेशंट सोडायला गेला होता, त्याला म्हटलं होतं, जाता जाता बघून या. तो आज आला. म्हणाला, शटर खाली, पाटी काढलेली. फटीतून पाहिलं तर यंत्राच्या जागी नुसते बोल्टचे खड्डे.  यंत्र बापाच्या हातचं आहे. ते विकलं असेल तर माझ्यामुळे.

मग ड्रायव्हर म्हणाला, "पण बाई, वरच्या खिडकीत पडदा टांगलेला होता. ओला. पाणी गळत होतं रस्त्यावर." मी म्हटलं, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे काय? सोडून गेलेला माणूस पडदे धुतो का? मी हाक मारली, वर भिंत घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. खाली कुणी आलं नाही."

तेव्हापासून मला एक घटकाभर वाटतं तो सगळं मोडून बसलाय, आणि एक घटकाभर वाटतं तो आमची खोली धुतोय. पाववाले आजोबा म्हणतात, दुसरंच. शेठ पण म्हणते, दुसरंच, पण ती मामाच्या बाजूने कायमच बोलते.

फोन मी करून बघितला. माझा नंबर त्याने बंद ठेवलाय. आजोबांच्या फोनवरून लावला, दवाखान्याच्या फोनवरून लावला, अनोळखी नंबर तो उचलत नाही, पहिल्यापासून. तुमचा उचलेल. तुमच्याकडून दोरा घेतो तो, तुमचा फोन आला की त्याला वाटतं रीळ आलं. तुमचा नंबर माझ्याकडे असता तर मी तुम्हालाच लावला असता. तुमच्या पाटीवर होता, पण पाटी पावसाने अर्धी पुसलेली, मला पुढचे आकडे आठवतात, मागचे नाही.

त्याला सांगा, यंत्र विकलं असेल तर विकलं, नसेल तर विकू नको, कापसाचा दोष नव्हता. सांगा, आईची उशी फ्रीजरमध्ये आहे, वरच्या खणात, सशाच्या जुन्या जागेवर. सांगा, शेठ तिसऱ्या बाकावर चढली, आता रोज चढते, आणि वरून खाली बघत बसते. परवा तिला विचारलं, काय बघतेस? म्हणाली, बस. पुढच्या आठवड्यात शिकवायचे दिवस आहेत, त्याला त्या बसने यायचंय. न्यायला ती येणार आहे, पहिल्या बाकापर्यंत, बस तिथेच थांबते, मी सोडणार आहे तिला एकटीला.

तुम्ही बोलाल तेव्हा तो आधी गप्प बसेल. फोन कट झाला असं समजू नका. खोकेल, घसा साफ करेल, मग काहीतरी दुसरंच बोलेल, रीळ आलं का म्हणून विचारेल. तेवढं थांबा. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलाय, दोनदा तपासून. शिवण बाजूला ठेवा, उद्यावर ढकलू नका. कोण का वाचत असेना, तेवढा फोन करा माझ्या दादाला.